चित्रपटाला फुटलेले फाटे



पुण्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल आकुर्डी सोडते आणि थोड्याच वेळात देहूरोडला थांबते. उतरलेली माणसे स्थानकाबाहेर येतात आणि पांगतात. कोणी देहू गावाची वाट धरतो, कोणी बाजारात शिरतो, कोणी छावणीकडे वळतो, तर कोणी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर येऊन बसची वाट पाहतो. रेल्वेने एखाद्या गावाच्या नावापुढे ‘रोड’ लावले, की समजावे, गाव अजून दूर आहे, पण त्याची वाट इथून फुटते. देहूरोड म्हणजे असा फाटाच आहे.

देहू म्हटले की तुकाराम महाराज आठवतात आणि चित्रपटाची आवड असलेल्यांना प्रभातचा ‘संत तुकाराम’ आठवतो. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने तो १९३६ साली काढला. दामले आणि फत्तेलाल हे त्याचे दिग्दर्शक. विष्णुपंत पागनीस त्यात तुकाराम झाले होते. व्हेनिसच्या महोत्सवात १९३७ साली या चित्रपटाचा गौरव झाला. आजही तो पाहताना सालोमालोचा दुष्टपणा बघून वाटते, याला कोणीतरी अडवावे! पण आपण खुर्चीत बसून कितीही चडफडलो, तरी पडद्यावरचा सालोमालो आपले काम करतोच. पहिल्या दिवशी जे घडले, तेच इतक्या वर्षांनंतरही त्याच क्रमाने घडते. चित्रपट रुळावरच्या गाडीसारखा असतो. प्रवाशाने खिडकीतून हात हलवला म्हणून गाडी रूळ बदलत नाही.

पण समजा, ऐन वेळी चित्रपट थांबला आणि पडद्याने तुम्हालाच विचारले, “आता काय करू? तू सांग!” आणि तुम्ही सांगितल्याप्रमाणे पडद्यावरची खरीखुरी माणसे वागू लागली, तर?

ही कल्पना नवी नाही. १९८० आणि १९९० या दशकांत असे खेळ अमेरिकेत व जपानमध्ये मोठ्या संख्येने निघाले. त्यांत रेखाटलेली पात्रे नव्हती, तर कॅमेऱ्यासमोर अभिनय केलेले नट होते. काही वर्षे लोकांना वाटले की यापुढे सगळे व्हिडिओ गेम असेच होणार. मग ती लाट ओसरली. ती का आली आणि का ओसरली, याची गोष्ट मोठी उद्बोधक आहे. चला, फाट्याफाट्याने जाऊ या.

बंदूक आणि पडदा

या खेळांचे मूळ संगणकाच्याही आधीचे आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्लंडमध्ये नेमबाजीच्या सरावासाठी एक युक्ती निघाली होती. कागदाच्या पडद्यावर चलच्चित्र दाखवायचे आणि नेमबाजाने पडद्यावरच्या हलत्या लक्ष्यावर खरी गोळी झाडायची. बार झाला की त्या आवाजाने यंत्र चालू होई आणि चित्र क्षणभर जागच्या जागी थबके. पडद्याच्या मागे दिवे असत. कागदाला पडलेल्या भोकातून उजेड दिसे आणि गोळी कुठे लागली ते कळे. देहूरोडसारख्या लष्करी वस्तीत वाढलेल्या मुलांना नेमबाजीचा सराव म्हणजे काय, हे सांगायला नको. पण सिनेमावर गोळी झाडायची, ही गंमत त्यांनाही नवी वाटेल!

पुढे १९७४ साली जपानच्या निन्टेंडो कंपनीने ‘वाइल्ड गनमॅन’ नावाचा खेळ काढला. गुनपेई योकोई हे त्याचे रचनाकार. पेटीत १६ मिलिमीटरची चित्रफीत फिरे आणि समोर खराखुरा नट बंदूकवाला बनून उभा राही. त्याचे डोळे चमकले की खेळाडूने झटकन खेळण्यातली बंदूक रोखून चाप ओढायचा. वेळ साधली तर समोरचा कोसळताना दिसे, चुकली तर त्याने आपल्याला टिपल्याचे दिसे. म्हणजे दोन्ही शेवट आधीच चित्रित करून ठेवलेले होते. कोणता दाखवायचा, एवढेच यंत्र ठरवी. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढे ती आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

लाल बटण, हिरवे बटण

त्याच्याही आधी, १९६७ साली, कॅनडातील माँट्रियल शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथे चेकोस्लोव्हाकियाच्या दालनात ‘किनोऑटोमॅट’ नावाचा चित्रपट दाखवत. राडुझ चिन्चेरा या दिग्दर्शकाची ती कल्पना. प्रत्येक खुर्चीला एक लाल आणि एक हिरवे बटण होते. चित्रपट मध्येच थांबे, एक निवेदक रंगमंचावर येई आणि विचारी, “आता नायकाने काय करावे?” प्रेक्षक बटणे दाबून मत देत. ज्या बाजूला मते जास्त, त्या बाजूने गोष्ट पुढे सरके.

यातील यंत्रणा अगदी साधी होती. दोन प्रक्षेपकांवर दोन चित्रफिती एकाच वेळी चालत. ज्या चित्रफितीला मते कमी, तिच्या प्रक्षेपकाचे भिंग झाकले जाई. बस्स!

तुम्ही म्हणाल, फाटे तर पुष्कळ फुटले असतील. मग चित्रफिती दोनच कशा पुरल्या? याचे उत्तर मजेदार आहे. दोन्ही वाटा थोडे अंतर वेगळ्या जात आणि पुढच्या प्रश्नापाशी पुन्हा एकत्र येत. प्रेक्षकांनी काहीही निवडले, तरी शेवटी इमारतीला आग लागायची ती लागतच असे. दिग्दर्शकाने ही थट्टा मुद्दामच केली होती.

वाटा एकत्र आणण्याची ही युक्ती त्याने का केली असेल? त्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

फाट्यांचा हिशेब

एक दृश्य दाखवले, त्याच्या शेवटी दोन पर्याय दिले. प्रत्येक पर्यायाचे वेगळे दृश्य. त्या प्रत्येकाच्या शेवटी पुन्हा दोन पर्याय. असे दहा वेळा झाले, असे धरा.

पहिल्या निवडीनंतर २ दृश्ये, दुसऱ्यानंतर ४, तिसऱ्यानंतर ८, मग १६, ३२ असे करत दहाव्या निवडीनंतर १,०२४ दृश्ये. पहिल्यापासून सगळ्यांची बेरीज केली तर २,०४७ होते. (वहीत करून पाहा.) एकेक दृश्य अवघे अर्ध्या मिनिटाचे धरले, तरी सतरा तासांहून अधिक चित्रीकरण करावे लागेल! आणि एका खेपेला खेळाडूला त्यातली किती दृश्ये दिसतील? फक्त ११, म्हणजे साडेपाच मिनिटे. सतरा तासांचा स्वयंपाक करायचा आणि पाहुण्याने साडेपाच मिनिटांत एक घास खाऊन उठायचे, असा हा प्रकार झाला.

यातून दोन पळवाटा निघतात. पहिली म्हणजे चुकीचा पर्याय निवडला की खेळ तिथेच संपवायचा. मग प्रत्येक फाट्यावर एकच वाट पुढे जाते, दुसरी लगेच खुंटते. दृश्ये लागतात फक्त २१. दुसरी पळवाट किनोऑटोमॅटची. दोन्ही वाटा पुढच्या फाट्याआधी एकत्र आणायच्या. तेव्हाही दृश्ये लागतात २१ च! कुठे २,०४७ आणि कुठे २१! म्हणूनच चित्रपटांतून तयार झालेल्या जवळजवळ सगळ्या खेळांनी या दोहोंपैकी एखादी पळवाट धरलेली दिसते.

पण वाटा एकत्र आल्या की मघाच्या निवडीला अर्थ काय उरला? यावर उपाय आपल्या आज्यांना ठाऊक होता. एखादी गोष्ट विसरू नये म्हणून त्या पदराला गाठ मारीत. संगणकही तसेच करतो. खेळाडूने पहिल्या फाट्यावर छत्री घेतली की नाही, याची एक गाठ तो स्मरणात मारून ठेवतो. पुढे वाटा एकत्र येतात, पण पावसाचे दृश्य आले की संगणक गाठ तपासतो. गाठ असेल तर कोरड्या नायकाचे दृश्य, नसेल तर भिजलेल्याचे. एका गाठीमुळे शेकडो दृश्यांचे काम वाचते.

चोपन्न हजार चित्रांची तबकडी

हिशेब जमला, तरी दृश्य पटकन सापडायला हवे. साध्या फितीवर ते जमत नाही. व्हिडिओ कॅसेटवर शेवटचे दृश्य हवे असेल तर सगळी फीत पुढे सरकवावी लागते. तोवर खेळाडू जांभया देऊ लागेल!

ही अडचण लेसर डिस्कने सोडवली. १९७८ साली अमेरिकेत बाजारात आलेली ही तबकडी सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या रेकॉर्डएवढी असे. तिच्यावरच्या सूक्ष्म खाचा लेसर किरण वाचत असे. खेळांसाठी वापरलेल्या तबकडीच्या एका बाजूवर ५४,००० चित्रे मावत आणि एका फेऱ्यात एक चित्र वाचले जाई. अमेरिकेत टीव्हीवर सेकंदाला ३० चित्रे लागतात. ५४,००० ला ३० ने भागा, १,८०० सेकंद येतात, म्हणजे बरोबर अर्धा तास. प्रत्येक चित्राला स्वतःचा क्रमांक होता. संगणकाने “चित्र क्रमांक २२,५००” असे म्हणायचा अवकाश, की किरण सरकून तेथे पोहोचे. त्याला लागणाऱ्या वेळात पडदा क्षणभर काळा होई. जुने खेळाडू ती काळी उघडझाप अजून विसरलेले नाहीत.

१९८३ साली या तबकडीवरचे दोन खेळ गाजले. जपानच्या सेगा कंपनीचा ‘ॲस्ट्रॉन बेल्ट’ आणि अमेरिकेतला ‘ड्रॅगन्स लेअर’. पहिल्यात मागे अवकाशयुद्धाची चित्रित दृश्ये चालत आणि त्यांच्यावर संगणकाने काढलेले यान फिरे. दुसऱ्यात नट नव्हते, डॉन ब्लूथ यांनी हाताने काढून घेतलेली सुंदर चलच्चित्रे होती. पण यंत्रणा तीच, आणि पळवाट पहिली. योग्य क्षणी योग्य दिशेला दांडा वळवला तर नायक वाचला, नाहीतर मेला!

संगणकाला चित्र दिसत नाही

१९९० साली ‘मॅड डॉग मॅक्री’ हा खेळ आला. तो काढणारी अमेरिकन लेसर गेम्स ही न्यू मेक्सिको राज्यातली कंपनी. तिच्या कामाची सुरुवात मात्र खेळांपासून नव्हे, तर पोलिसांच्या सरावासाठी अशा चित्रफिती बनवण्यापासून झाली होती. समोरचा माणूस खिशातून पाकीट काढतो आहे की पिस्तूल, हे पोलिसाने क्षणात ओळखायचे. या सरावाला खऱ्या माणसाचा चेहरा आणि खऱ्या हाताची हालचाल लागते. येथे चित्रित केलेल्या दृश्याला तोड नाही.

पण खेळाडूचा नेम लागला, हे यंत्राला कसे कळे? जुन्या काचनळीच्या टीव्हीत एक इलेक्ट्रॉन शलाका ओळीओळीने सगळा पडदा झाडून काढीत असे. खेळातल्या बंदुकीतून गोळी सुटत नाही. उलट तिच्या नळीत प्रकाश टिपणारा एक डोळा असतो. बंदूक जिथे रोखली आहे, त्या ठिपक्यावर शलाका कोणत्या क्षणी आली, हे तो डोळा सांगतो. त्या वेळेवरून ठिपक्याची जागा काढता येते.

एवढ्याने जागा कळली. पण त्या जागी डाकू आहे की भिंत? गंमत अशी, की हे त्या संगणकाला मुळीच दिसत नसे! त्याला एक कोष्टक दिलेले असे: अमुक क्रमांकापासून अमुक क्रमांकापर्यंतच्या चित्रांत डाकू पडद्याच्या अमुक चौकोनात आहे. ठिपका चौकोनात पडला तर ‘लागला’ आणि मग डाकू कोसळतानाचे दृश्य. संगणकाला ना डाकू कळे, ना घोडा. त्याला फक्त क्रमांक आणि चौकोन कळत.

हत्ती आणि काडेपेटी

पुढे लेसर डिस्क मागे पडली आणि सीडी आली. हातात मावणारी, स्वस्त आणि संगणकाला जोडता येणारी. पण तिच्यात चित्रपट बसवणे म्हणजे हत्तीला काडेपेटीत बसवण्यासारखे होते. हिशेब पाहा.

चित्र अगदी लहान घेऊ: आडवे ३२० आणि उभे २४० ठिपके. गुणाकार ७६,८००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला ३ बाइट धरा. एका चित्राला २,३०,४०० बाइट झाले. आपल्याकडच्या टीव्हीप्रमाणे सेकंदाला २५ चित्रे घेतली, तर सेकंदाला ५७,६०,००० बाइट. आणि पहिल्या सीडी यंत्रांतून सेकंदाला बाहेर पडत सुमारे दीड लाख! म्हणजे लागणाऱ्या माहितीच्या अडतिसाव्या हिश्श्याएवढीच माहिती वेळेवर मिळे. शिवाय सुमारे ६५ कोटी बाइटची अख्खी सीडी दोन मिनिटांच्या आतच संपून गेली असती.

मग काय केले? चित्र सुकवले. समजा, कॅमेरा तिवईवर ठेवून घोराडेश्वराच्या डोंगराचे चित्रण केले. समोर एक मुलगा झेंडा हलवतो आहे. या क्षणीचे चित्र आणि पुढच्या क्षणीचे चित्र यांत काय बदलले? डोंगर तोच, आकाश तेच. फक्त झेंडा आणि हात. मग डोंगर पुन्हा पुन्हा कशाला पाठवायचा? ‘बाकी सर्व पूर्ववत’ एवढे सांगून झेंड्याचा तुकडा तेवढा पाठवला की काम झाले. दुसरी युक्ती, चित्राचे लहान चौकोनी तुकडे पाडायचे आणि सारखे दिसणारे तुकडे एकाच नमुन्याने भागवायचे. तिसरी, रंग कमी करायचे. १९९० च्या सुमारास आलेल्या ‘सिनेपॅक’सारख्या पद्धती यांतल्या युक्त्या वापरीत. सेगा कंपनीच्या सीडी यंत्राला तर पडद्यावर एका वेळी ६४ च रंग दाखवता येत. त्यामुळे त्या खेळांतले नट रवाळ, ठिपक्याठिपक्यांचे दिसत. जणू कोणी रांगोळीने काढलेले आहेत!

आठ खोल्यांचे घर

अशा रवाळ खेळांतला ‘नाइट ट्रॅप’ सर्वांत जास्त गाजला, पण वेगळ्याच कारणाने. त्याचे चित्रीकरण १९८७ साली झाले होते. तेव्हा तो व्हिडिओ कॅसेटवर चालणाऱ्या एका यंत्रासाठी होता. एकाच फितीवर अनेक दृश्ये एकाआड एक गुंफायची आणि खेळाडूला हवे ते दाखवायचे, अशी ती योजना. ते यंत्र बाजारात आलेच नाही. चित्रीकरण कपाटात पडून राहिले आणि १९९२ साली सीडीवर आले.

यात फाट्यांची वेगळीच रचना होती. एका घरात आठ ठिकाणी कॅमेरे आहेत आणि आठही ठिकाणी एकाच वेळी काही ना काही घडते आहे. खेळाडू एकच ठिकाण पाहू शकतो. स्वयंपाकघर पाहताना दिवाणखान्यातले हुकते. वेळ कोणासाठी थांबत नाही. घरातल्या मुलींवर हल्ला करू पाहणाऱ्या विचित्र प्राण्यांना सापळ्यात पकडून त्यांना वाचवायचे, हे खेळाडूचे काम.

९ डिसेंबर १९९३ रोजी अमेरिकेच्या सिनेटमध्ये व्हिडिओ गेममधल्या हिंसेवर सुनावणी झाली. तीत या खेळावर घणाघाती टीका झाली. आरोप असा होता, की यात मुलींना इजा करण्यासाठी सापळे लावायचे असतात. प्रत्यक्षात उद्देश अगदी उलटा होता. तरीही १९९४ च्या जानेवारीत सेगाने तो खेळ मागे घेतला. त्याच सुनावणीत ‘मॉर्टल कॉम्बॅट’ या खेळावरही टीका झाली आणि त्यातही खऱ्या नटांची छायाचित्रे वापरलेली होती. रेखाटलेल्या पात्राला मारलेले लोक खपवून घेत होते. खरा चेहरा दिसताच मात्र त्यांच्या काळजात चर्र झाले. हे स्वाभाविकच होते, आणि त्यातून एक चांगली गोष्टही निघाली. १९९४ साली अमेरिकेत खेळांवर वयाची शिफारस छापण्याची पद्धत सुरू झाली. ‘नाइट ट्रॅप’ २०१७ साली पुन्हा प्रसिद्ध झाला. पण उद्देशच उलटा सांगितला गेला, हे विसरू नका. एखाद्या गोष्टीविषयी मत देण्याआधी ती नीट पाहावी, हा नियम मोठ्यांनाही लागू आहे.

घोकंपट्टी आणि गणित

त्या सुनावणीच्या दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९९३ रोजी, ‘डूम’ नावाचा खेळ प्रसिद्ध झाला. हिंसा त्यातही भरपूर होती. पण आपण त्याच्या चित्रांकडे पाहू. त्यात एकही दृश्य चित्रित करून ठेवलेले नव्हते. संगणकाकडे इमारतीचा नकाशा होता. खेळाडू कुठे उभा आहे आणि कोणत्या दिशेला पाहतो आहे, यावरून भिंत किती उंच दिसेल, दार कुठे दिसेल, हे तो दर क्षणी गणिताने काढी आणि चित्र नव्याने रंगवी. खेळाडू कोपऱ्यात गेला, मागे वळला, भिंतीला नाक लावून उभा राहिला, तरी संगणकाकडे दाखवायला चित्र होतेच. कारण त्याच्याकडे चित्रांचा साठा नव्हता, चित्र काढण्याचा नियम होता.

मित्रांनो, या सगळ्या गोष्टीचे मर्म इथे आहे. परीक्षेला जाणारे दोन विद्यार्थी डोळ्यांसमोर आणा. एकाने मार्गदर्शकातली उत्तरे घोकली आहेत. नेमका तोच प्रश्न आला तर तो मोत्यासारख्या अक्षरात झकास उत्तर लिहितो. प्रश्न जरा फिरवून विचारला की हा गप्प. दुसऱ्याला रीत समजली आहे. त्याचे अक्षर ओबडधोबड आहे, पण न पाहिलेले गणितही तो सोडवतो. चित्रित खेळ हा पहिला विद्यार्थी होता. चित्र खऱ्यासारखे, चेहरे जिवंत, पण उत्तरे तेवढीच, जेवढी आधी चित्रित केलेली.

पहिल्या विद्यार्थ्याने प्रयत्न कमी केले नाहीत. १९९४ च्या ‘विंग कमांडर ३’ मध्ये ‘स्टार वॉर्स’फेम मार्क हॅमिल होता आणि खेळाला ४ सीडी लागल्या. १९९६ च्या ‘विंग कमांडर ४’ ला ६ लागल्या आणि त्याचे चित्रीकरण चित्रपटासारखे ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर झाले. खर्च वाढला, सीडी वाढल्या, पण वाढत्या फाट्यांना गाठणे पैशाला शक्य नव्हते. इकडे दुसऱ्या विद्यार्थ्याचे अक्षर दरवर्षी सुधारत गेले. नव्वदीचे दशक संपता संपता चित्रित खेळांची लाट ओसरली ती यामुळे.

मग काय पाठांतर वायाच गेले? तसेही नाही. पाढे पाठच असावे लागतात! २०१५ साली सॅम बार्लो यांनी ‘हर स्टोरी’ नावाचा खेळ केला. त्यात एका स्त्रीच्या पोलीस चौकशीचे २७१ लहान तुकडे आहेत. खेळाडूने एखादा शब्द टंकायचा. तो शब्द ज्या तुकड्यांत उच्चारला आहे, त्यांतले पहिले पाच समोर येतात. ते ऐकून नवा शब्द सुचतो. फाटे चित्रफितीत नाहीत, ते खेळाडूच्या डोक्यात फुटतात. साठा मर्यादित आहे, हे लपवण्याऐवजी त्याचाच खेळ केला.

तुम्हीच करून पाहा

असा एक खेळ आपणही करू या. नाव ठेवू, ‘दूध उतू गेले’. घरी मोबाइल मिळाला तर त्यावर लहान लहान दृश्ये टिपा, नाहीतर प्रत्येक दृश्याचे चित्र एकेका पुठ्ठ्यावर काढा. रिकामे पातेले आणि बंद शेगडी घ्या. दूध आणि जाळ यांचा अभिनय करायचा आहे! देहूरोडच्या मुलांनी एक ध्यानात ठेवावे. लष्करी आवार, कोठारांची फाटके आणि रेल्वेचे रूळ यांच्या जवळपास चित्रीकरण करू नये. आपले स्वयंपाकघर पुष्कळ आहे.

पहिले दृश्य: दूध शेगडीवर आहे, आई शेजारी गेली आहे, दाराची घंटा वाजते. येथे पहिला फाटा. शेगडी बंद करून दाराकडे जायचे, की तशीच ठेवून? दोन्हींची दोन दृश्ये. मग वाटा एकत्र: दारात काकू उभ्या आहेत आणि बोलू लागतात. दुसरा फाटा. बोलत थांबायचे, की “काकू, आलेच हं!” म्हणून आत धावायचे? पुन्हा दोन दृश्ये. शेवटी दोन अखेरी: दूध सुखरूप, किंवा शेगडीभर दूध.

आता नियम ठरवा. शेगडी चालू ठेवली ‘आणि’ बोलत थांबलो, तरच दूध उतू जाईल. पहिल्या फाट्यावर शेगडी चालू ठेवली असेल, तर रुमालाला एक गाठ मारा. शेवटचे दृश्य दाखवण्याआधी गाठ तपासा. एकूण दृश्ये झाली ८. वाटा एकत्र न आणता प्रत्येक वाटेचे वेगळे चित्रण केले असते, तर १३ लागली असती. पडताळून पाहा. तो ‘आणि’ शब्दही ओळखून ठेवा. संगणकाचे पुष्कळसे शहाणपण अशाच ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ या शब्दांवर उभे आहे.

मग एखाद्या मित्राला खेळायला बसवा आणि त्याच्याकडे लक्ष ठेवा. तो केव्हा ना केव्हा विचारील, “मी आईला हाक मारली तर?” तुमच्याकडे ते दृश्य नसेल. त्या क्षणी तुम्हाला या खेळांची सगळी अडचण कळेल, आणि आणखीही एक गोष्ट कळेल. फाट्यावर दोनच बटणे असतात, तेव्हा निवड आपली असते, पण ती दोन बटणे दुसऱ्या कोणीतरी बसवलेली असतात. यापुढे कोणी तुमच्यासमोर दोनच पर्याय ठेवले, मग ते खेळात असोत, जाहिरातीत असोत की प्रश्नपत्रिकेत, तर तिसरा असू शकतो का, एवढे स्वतःला विचारून पाहा.

देहूरोडला उतरलेल्या माणसापुढे देहूची वाट असते, बाजाराची असते, पुण्याचीही असते. आणि वाटले तर तो स्थानकाच्या बाकावर बसून आल्यागेल्या गाड्या मोजू शकतो. ते दृश्य कोणी चित्रित करून ठेवलेले नसते.